आवाज क्रमांक सतरा

"पत्रात लिवलंय की, अंबुबाईचा आवाज तुमच्यापाशी जपून ठेवलाय म्हणून," शिवप्पा म्हणाला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेलं पत्र काढून त्यानं उत्कर्षाच्या टेबलावर ठेवलं.

पत्र उत्कर्षानंच धाडलं होतं. यंत्रमागाच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांच्या कानडी-मराठी बोलीवर ती विद्यापीठात पीएचडी करत होती. चाळीस बायका, चाळीस मुलाखती. काम संपल्यावर सगळ्यांना आभाराचं एकसारखं पत्र गेलं. विद्यापीठाचंच पत्र ते, आपल्या चालीनं पोचलं. तोवर शिवप्पाची बायको अंबुबाई जाऊन दोन महिने झाले होते.

"एकदा ऐकवा, म्याडम. मग मी जातो."

क्रमांक सतरा, म्हणजे अंबुबाईचा आवाज, उत्कर्षाकडे नव्हताच.

मुलाखत झाली होती, यात शंका नाही. भवानी पेठेतल्या कारखान्यात आठ माग धडधडत होते. कांड्यांवर सूत भरायचं काम सोडून अंबुबाई काही बाहेर यायला तयार होईना, तेव्हा उत्कर्षा तिथंच तिच्यासमोर बसली. बारका माइक तिच्या पदराला लावला. भर मे महिन्यात तो पदर तिनं गळ्याभोवती घट्ट गुंडाळून घेतला होता. बोलली मात्र पाऊण तास, अगदी मोकळेपणानं. हसली की नुसते खांदे हलायचे. उत्कर्षाला एक शब्दही परत विचारावा लागला नाही. तिचं स्वतःचं लहानपण घरातल्या दोन मागांशेजारी गेलेलं. त्या खडखडाटात कानांचा उपयोग नसतो, समोरच्याच्या ओठांकडे बघून समजून घ्यायचं असतं, हे तिथल्या पोरांना शिकवावं लागत नाही.

घरी येऊन रेकॉर्डर लावला, तर पाऊण तास नुसता मागांचा खडखडाट. बाकीच्या मुलाखती घरोघरी बसून घेतलेल्या, त्या स्वच्छ आल्या होत्या. इथं माइकनं दगा दिला, असं तिनं धरलं. आठवलं तेवढं त्याच दिवशी वहीत उतरवलं आणि गाइड मॅडमना काही कळू दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता ती मूठ उघडायची वेळ आली होती. तिनं तोंड उघडलंही. पण शिवप्पा टेबलावरचा हेडफोन दोन्ही हातांत धरून बसला होता, देवळात प्रसाद घेतात तसा. त्याच्या शर्टाच्या बाहीला सुताचे तंतू चिकटले होते. उत्कर्षाला त्याची फार दया आली आणि दयेपोटी माणसानं जे करू नये तेच तिनं केलं. तिनं क्रमांक तेवीस लावला.

तेवीस म्हणजे अक्कलकोट रोडची शिवम्मा. वय तेच, बोलीही तीच. शेंगाचटणी कशी कुटायची ते ती चार मिनिटं सांगत होती. त्यात ना नवऱ्याचं नाव होतं, ना पोराबाळांचं.

शिवप्पानं डोळे मिटून ऐकलं. ऐकता ऐकता त्याच्या गालांवरून पाणी ओघळलं आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"लई वर्सांनी ऐकलं," तो म्हणाला.

दोन महिनेही वर्षांसारखे जात असतील बिचाऱ्याला, असं उत्कर्षाच्या मनात आलं. तिला स्वतःची लाज वाटली.

एकदा ऐकून जाणारा माणूस मग मागाला सुट्टी असेल त्या दिवशी न चुकता येऊ लागला. चप्पल दाराबाहेर काढायचा, चार मिनिटं ऐकायचा, हात जोडून जायचा. चौथ्या खेपेला त्यानं कागदाची एक पुडी आणली.

"चटणी हाय. मीच केली, ऐकून ऐकून. ती सांगतीया तशी लसूण शेवटाला घातली. जरा तिखट झालीय."

उत्कर्षानं चिमूटभर तोंडात टाकली. आज सांगूनच टाकू, असं तिनं ठरवलं, तेवढ्यात तोच म्हणाला, "पुढच्या बारीला लेकीला घेऊन येतो. बार्शीला दिलीय. तिलाबी ऐकायचंय."

त्या आठवड्यात उत्कर्षाच्या हातून एक ओळ लिहून झाली नाही. नवऱ्याला दुःखात एक वेळ फसवता येईल, पण लेक आईचा आवाज पहिल्या शब्दाला ओळखणार. मग पीएचडीचं काय व्हायचं ते होवो, पण या माणसाच्या तोंडाकडे बघायचं कसं?

ठरल्या दिवशी दोघं आली. लेकीचं नाव संस्कृती, तेविशीतली पोर, आईसारखेच मोठे डोळे.

"आण्णा," उत्कर्षा उभी राहून म्हणाली, "त्याआधी मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांगा की. पण आदी तिला ऐकू द्या. सकाळच्या यष्टीनं आलीय, पाण्याचा घोटसुदिक घेतला न्हाय."

संस्कृतीनं आपणच हेडफोन कानांना लावला. उत्कर्षानं क्रमांक तेवीस सुरू केला आणि टेबलाची कड घट्ट धरून ती वाट बघत राहिली.

पहिला शब्द गेला, दुसरा गेला. पोरीच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग तिचा हात हळूच तोंडावर गेला आणि ती चारही मिनिटं तशीच बसून राहिली. संपल्यावर तिनं हेडफोन काढला आणि बापाला विचारलं, "आण्णा, आईचा आवाज असा होता?"

"आसाच," शिवप्पा म्हणाला. मग उत्कर्षाकडे वळून त्यानं हात जोडले. "म्याडम, गळ्याच्या आपरेशनात तिचा आवाज गेला, तवा ही पोर सव्वा वर्साची हुती. बावीस वर्सं ती नुसते व्हट हलवून बोलली. मीबी इसरलो हुतो, कसा हुता त्यो. तुमच्या मशीनीला त्यो कुटं घावला?"