धक्क्यावर जाताना

हेमांगीला कळा सुरू झाल्या तेव्हा तिचा नवरा जहाजावर होता. शेजारच्या कालिंदीनेच तिला नौदलाच्या दवाखान्यात नेलं, रक्त दिलं, महिनाभर न्हाऊमाखू घातलं.

पुढे कालिंदीचा नवरा त्याच जहाजावरून वादळात वाहून गेला. क्वार्टर्समधल्या बायकांनी तेरा दिवस तिला एकटं सोडलं नाही.

आज जहाज परतत होतं. हेमांगीच्या बाळाला कडेवर घेऊन कालिंदी धक्क्याकडे निघाली, तोच नटलेली हेमांगी आडवी आली.

"वहिनी, तुम्ही नका येऊ. हे पहिल्यांदाच बाळाला बघणार आहेत."

आरतीची ताटं घेतलेल्या बायका खाली बघत राहिल्या. कालिंदीने बाळ तिच्या हाती दिलं.

"पण आमच्या ह्यांची ट्रंक येतेय, ती कोण उतरवून घेणार?"

"देतील कुणीतरी आणून," म्हणत हेमांगीने डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन बाळाला तीट लावली.