दोरी लावलेला नांगर

माझ्या नणंदेचं लग्न ठरलं त्या वर्षी, वेदीवर अंथरायच्या कापडाचं भरतकाम माझ्याकडे आलं. नवरा मासेमारीला खोल समुद्रात गेला होता. बहिणीच्या लग्नाला येतोच, म्हणाला होता. मी कापडावर क्रूस भरला, कबुतर भरलं आणि त्याच्यासाठी म्हणून नांगर भरला.

फादर हसले. "रेमेद, देवळात नांगर म्हणजे आशा. आशेला दोरी कशाला लावलीस?"

"फादर, बिनदोरीच्या नांगराने तुमची होडी थांबेल, आमची नाही थांबत," सासू म्हणाली. फादरांनी दोरी राहू दिली. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही कापड अंथरून आलो.

शनिवारी सकाळी फुलं घेऊन गेलो, तर नांगर जागेवर होता आणि दोरी नव्हती. नुसती सुईची भोकं. बोट लावलं तर ओल लागली. जिभेला खारट.

"उंदरांचं काम," मी म्हटलं, आणि तिथेच बसून दोरी पुन्हा भरली. शेवटची गाठ मारली, तोच धागा टाक्याटाक्याने आत जाऊ लागला, खालून कुणी ओढत असावं तसा. मी कापड उचललं. खाली वेदीचा कोरडा दगड.

मी पुन्हा सुईत धागा ओवला. सासूने माझं मनगट धरलं.

"राहू दे, बाय. पलीकडून धरणारा राहिला नाही."

होड्या रविवारी परतल्या. माझा नवरा पास्कू शनिवारी पहाटे नांगर ओढताना समुद्रात पडून वारला.