रांगेत अडकलेलं 'व्हय'

जयराजने पायथनची चार ओळींची स्क्रिप्ट चालवली आणि रांगेत साचलेले निरोप एकेक करून पडद्यावर उतरू लागले.

व्हय.

व्हय डाक्टर पाटवा.

व्हय म्हस लय फुगलीया.

कुणाचं जनावर आजारी असल्याची खबर आली की सांगलीचा हा दूध संघ मालकाला मोबाइलवर विचारायचा, डॉक्टर पाठवू का? आलेलं उत्तर रांगेत लागायचं. जयराजचा प्रोग्रॅम ते वाचून डॉक्टरची गाडी धाडायचा. न कळलेलं उत्तर मुकाट रांगेच्या शेपटाला जाऊन पुन्हा उभं राहायचं. रांग तुंबली कशाने, एवढंच बघायला तो बसला होता.

"'होय किंवा नाही' लिहा असं स्पष्ट सांगितलं होतं ना आपण?" शेजारच्या खुर्चीतून भार्गवी म्हणाली. ती सांगली शहरातच वाढलेली. "मग हे व्हय काय मधेच?"

जयराजने पडद्यावरचा तो शब्द पुन्हा वाचला. कडेगावकडचा गडी तो. आईच्या तोंडी जन्मभर व्हयच. कॉलेजात पोरं हसली तेव्हा याने ते असं काही गिळून टाकलं, की प्रोग्रॅम लिहिताना त्याची आठवणसुद्धा झाली नाही. मोठा शहाणा!

त्याने तो एक शब्द प्रोग्रॅममध्ये घातला. रांग भराभर मोकळी झाली, गाड्या सुटल्या. पण फुगलेल्या म्हशीचा निरोप मागल्या आठवड्यातला होता. न राहवून त्याने त्या नंबरवर फोन लावला; तो म्हशीच्या मालकीण, म्हाताऱ्या रंगूबाईंनी उचलला.

"आज्जी, दूध संघातून बोलतोय. तुमच्या म्हशीसाठी डॉक्टर..."

"आता कशाला, सायेब? गेली की ती रविवारीच." रंगूबाईंचा आवाज थकलेला होता. "दिवसभर रस्त्यावं बसून गाडीची वाट बघितली बगा. नातीकडनं लिवून घेतलं हुतं. माजंच कायतरी चुकलं आसंल. आमाला कुठं तुमच्यावानी लिवाय येतंय?"

 कचेरीत कधी न बोललेली घरची बोली आपसूक जयराजच्या तोंडात आली.

"न्हाई आज्जी. तुमी बरोबरच लिवलं हुतं."



"बरोबर हुतं व्हय?" रंगूबाईंनी विचारलं. "मग डाक्टर का आला न्हाई रं, लेकरा?"