गळ्यातली सवत

धुळ्याच्या डॉ. शालिग्राम नेहेत्यांची बिघडलेले संसार सांधायची एक पद्धत होती आणि तिच्यावर त्यांचा भारी जीव. नवरा-बायकोनं समोरासमोर बसायचं. एकानं एक वाक्य बोलायचं, दुसऱ्यानं ऐकलं तेवढंच परत म्हणायचं. पुढचं काम आपोआप होतं, असं ते सांगत.

चोपड्याकडचा तोताराम आणि त्याची बायको बेबाबाई तसे बसले होते. लग्नाला वर्षं झाली, तरी नवरा तिच्याशी कामापुरतंही बोलत नव्हता. आज इथंही बोलला नाही तर ती परस्पर बोदवडला, माहेरी निघून जाणार होती. बिचारी पिशवी भरूनच आली होती.

"बोला," डॉक्टर म्हणाले.

तोतारामनं मान वर केली, ती तिच्या गळ्यापर्यंतच. "जेवनी का तू?"

"जेवनी का तू," बेबाबाई म्हणाली आणि थांबली. "माले नही, डॉक्टर. तिले इचारं."

तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात बाईची आकृती उठवलेला चांदीचा टाक होता. तोतारामच्या पहिल्या बायकोच्या, कमलच्या नावाचा. कमल विहिरीत पडून गेली. दुसरेपणावर आलेल्या बाईनं गेलेल्या सवतीला असं गळ्यात बाळगायचं, ही तिकडची रीत.

डॉक्टरांना हसू आलं. इतकं सोपं दुखणं त्यांच्याकडे फार दिवसांत आलं नव्हतं. "काढून ठेवा तो टाक," ते म्हणाले.

बेबाबाईनं कचरत दोरा मानेवरून काढला आणि टाक टेबलावर ठेवला. तोतारामची नजर टाकामागे गेली नाही. ती वर सरकली, बेबाबाईच्या चेहऱ्यावर येऊन थांबली. आणि त्याला रडूच फुटलं.

"तुले त्या दिन एकलीले विहिरवर धाडाले नको व्हतं. मन्हं चुकनं, कमल."

 पद्धत-बिद्धत विसरून डॉक्टरांनी टाक उचलला आणि तिच्यापुढे धरला. "घाला. आधी हा गळ्यात घाला."

बेबाबाईनं हात पुढे केला नाही. तिच्याकडे इतक्या मायेनं आजवर कुणीच बघितलं नव्हतं. "नको," ती म्हणाली. "इतल्या वरीसमा पहिल्यांदा बोली ऱ्हायनात."

मग तिनं तोतारामचे हात हातात घेतले. ऐकलं तेवढंच परत म्हणायचं होतं. ते तिनं म्हटलं नाही.

"पानी भलतं थंडं व्हतं," ती म्हणाली. "आते नही."

आवाज तिच्याच तोंडून आला होता, पण डॉक्टरांनी मघापासून ऐकलेला तो नव्हता. तोतारामनं डोळे पुसले, तिची पिशवी स्वतः उचलली आणि तिला हाताला धरून दाराकडे नेलं.

"बेबाबाई, अहो, हे राहिलं तुमचं," डॉक्टरांनी मागून हाक मारली.

तिनं वळून टाकाकडे पाहिलं, अनोळखी बाईकडे बघावं तसं.

"ती बेबाबाई शे," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या तिले आठेच."