दोन हलके, एक जड

लढाई संपून दहा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून आकुर्डीमागच्या, लढाईसाठी टाकलेल्या रुळांवर गाडी आली नव्हती. तरी रूळ ठोकून तपासणारा जुना गँगमन कोंडाजी त्यांच्यावरून रुबाबात चालला होता. दसऱ्याला भिंती सारवायची तांबडी-पिवळी माती खणायला त्याची बायको शालनबाई आधीच घळीत उतरली होती.

रूळ घळीच्या काठावर संपत होते. काठाच्या बराच अलीकडं सवयीनं कोंडाजीनं रुळाला कान लावला आणि स्वतःशीच हसला. "हितं काय येतंय मरायला!"

रुळातून हातोड्याचे ठोके ऐकू आले. दोन हलके, एक जड. असे ठोके फक्त कोंडाजी स्वतःच मारायचा.

रुळावर कुणीच नव्हतं. ठोके घळीकडं सरकत गेले, काठाशी थांबले.

कोंडाजी अजून वर रुळापाशीच होता, तेवढ्यात खालून शालनबाई म्हणाली, "आवो, कवा उतरलात? धरा ही पाटी."