हनुवटीखालचा पट्टा

“हे हेल्मेट, आणि हे त्यातलं डोकं!” सेफ्टीसाहेब म्हणाले आणि सगळा हॉल हसला.

हा विनोद महिन्याच्या पहिल्या सोमवारी व्हायचाच. साहेब कपाटाचं कुलूप काढून ते पिवळं हेल्मेट आणायचे आणि पॅकिंगच्या हॉलमधल्या टेबलावर ठेवायचे. एका बाजूने खरवडून पांढरं पडलेलं, कपाळापासून मागेपर्यंत चिरलेलं. शेजारी लेथवाल्याला उभं करायचे. दुचाकीच्या अपघातातून वाचल्यापासून कारखाना त्याला ‘चमत्कार’ म्हणायचा, आणि इतर सोमवारी तोही सगळ्यांबरोबर हसून घ्यायचा.

आज त्याला हसू येईना. नव्या कामगारांनी पहिल्या रांगेत बसायचं असा नियम होता आणि पहिल्या रांगेत वहिनी बसली होती. त्याच्या मेलेल्या जोडीदाराची बायको. आठच दिवसांपूर्वी तिला नवऱ्याच्या जागी, पॅकिंगमध्ये घेतलं होतं.

“एक गाडी, दोन माणसं,” साहेबांनी सुरू केलं. “चालवणाऱ्याने हेल्मेट घातलं होतं. तो हा, तुमच्यासमोर, दोन्ही वेळ पोटभर जेवतोय. मागे बसलेल्याने घातलं नव्हतं. तो...” साहेबांनी छताकडे बोट केलं. कुणीतरी घाईघाईने त्यांच्या कानाशी लागलं. साहेब खाकरले, पण गांगरले नाहीत. “ताई, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या मिस्टरांचा निष्काळजीपणा आज इथल्या शंभर लोकांना वाचवतोय.”

वहिनीने मान हलवली. सात महिने ती हेच ऐकत होती. स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं, असं शेजारी म्हणायचे, दीर म्हणायचा, सासूसुद्धा म्हणायची. आता आता तीही तेच म्हणायला लागली होती.

खरं काय ते एकट्या चमत्कारला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी त्याचं स्वतःचं हेल्मेट घरी कपाटावर राहिलं होतं. जोडीदाराची गाडी नवी, आणि याला ती चालवायची भारी हौस. गेटवरचा वॉचमन फक्त चालवणाऱ्याचं डोकं बघायचा, मागच्याला कुणी विचारत नसे. “आण इकडे,” म्हणून याने जोडीदाराच्या डोक्यावरचं उतरवून स्वतःच्या डोक्यावर चढवलं. पुलाच्या वळणाआधी जोडीदार मागून दोनदा म्हणाला होता, “हळू रे.” दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.

इस्पितळात शुद्धीवर आल्याबरोबर कुणीतरी विचारलं, “त्याचं हेल्मेट कुठे होतं?” याच्या तोंडून निघून गेलं, “कारखान्यात खुंटीला. मी म्हटलं होतं त्याला, घाल म्हणून.” खुंटीला ते सापडलं नाही, तेव्हा कुणीतरी ढापलं असेल, हेही यानेच सांगून टाकलं. कारखान्याने वाटलेली हेल्मेटं सगळी एका छापाची, कुणाला काय कळणार होतं?

एक पट्टा सोडला तर. जोडीदाराला तो हनुवटीखाली काचायचा म्हणून वहिनीने आतून बाळाच्या दुपट्याचं मऊ कापड शिवलं होतं. साहेबांची नजर चुकवून याने ते एकदा ब्लेडने उसवलं. कापड निघालं, हिरवा दोरा काही पुरता निघाला नाही. तिने दुहेरी घालून गच्च ओढलेला.

“चल, घालून दाखव,” साहेब म्हणाले. त्याने हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि पट्ट्याला हात घातला. “थांब! आज ताई लावतील. या ताई. तुम्ही लावलेला पट्टा बघून तरी या लोकांच्या डोक्यात प्रकाश पडेल.”

“मी लावतो ना साहेब.”

“तू गप. दर वेळी तूच लावतोस.”

वहिनी उठून आली. पॅकिंगच्या पट्ट्यांनी आठ दिवसांतच तिची बोटं कापली होती. तिने पट्ट्याची दोन्ही टोकं धरली, आणि अंगठा थांबला. मग तो टाक्यांवरून सावकाश पुढे गेला, तसाच मागे आला. तिने मान जराशी वाकडी करून खालून पाहिलं. हिरवा दोरा तिथेच होता.

चमत्कारला वाटलं, आता ही किंचाळणार. खरं तर त्याला तेच हवं होतं. एकदाचं होऊन जाऊ दे, सगळ्यांसमोर होऊ दे, म्हणजे आपण सुटलो.

ती किंचाळली नाही. तिने वर त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

“काचतोय का हो, भाऊजी?”

त्याने मान वळवायला पाहिली, पण पट्टा तिच्या हातात होता.

“काचणारच. आतलं कापड निघालंय.”

तिने पट्टा ओढला. खटका बसला तरी ओढतच राहिली, इतका की त्याचे दात दातांवर बसले. डोळ्यांत पाणी आलं.

“शाबास!” साहेब म्हणाले. “इतका घट्ट पाहिजे! बघा, याला रडूच आलं मित्राच्या आठवणीने.” हॉलभर टाळ्या पडल्या. “ताई, आता दर महिन्याला तुम्हीच लावत जा. जमेल ना?”

“जमेल की,” वहिनी म्हणाली. पट्ट्याचं टोक तिने अजून सोडलं नव्हतं. “पुढच्या वेळी सुईदोराही घेऊन येते. दुपटं आहे अजून घरी.”