खड्ड्यातली काठी

“काठी काढ, अनुजा!”

गोल्फच्या मैदानात खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, म्हणजे ग्रीनच्या, या टोकाला प्रेमानंद बॉल ढकलायचा पटर घेऊन उभे. त्या टोकाला अनुजा, झेंड्याची काठी धरून. बॉल गडगडत आला, तिनं काठी उचलली आणि बॉल खड्ड्याला वळसा घालून पुढे निघून गेला.

“बाबा, नवीन नियमानं काठी आत राहिली तरी चालते. दंड नाही लागत.”

“रडीचा डाव हाय तो. काठीच्या आधारानं मी उभ्या जन्मात खेळलो नाही.”

नजर अधू झाल्यापासून त्यांना लांबून खड्डा दिसत नसे. काठी दिसे, म्हणून ती आत हवी. पण बॉल पोचेपर्यंत ती बाहेरही हवी! कारखान्यातून निवृत्त झाले, बायको गेली, हट्ट मात्र जिथल्या तिथे. मग रोज संध्याकाळी रिसालीच्या घरून त्यांच्याबरोबर मैदानावर यायचं आणि काठी धरायची, हे अनुजाच्या कपाळी आलं.

तिला विशाखापट्टणमच्या बंदरात मनासारखी नोकरी मिळाली होती. होकार कळवायचा तो आजच. तिनं नकार ठरवून टाकला होता. आपण गेलो तर काठी धरणार कोण? तिला त्या काठीचा मनस्वी राग येई, आणि बाबांचाही.

बाकावर कांताआत्या बसली होती, बाबांची धाकटी बहीण. तिच्या तोंडाला कुलूप म्हणून ठाऊक नाही.

“इतक्या दूर कावून जाऊन राहिली वं? दादाले दुसरं हाय कोण? पोट्टी म्हंजे म्हातारपणाची काठी असते.”

“नाही जात, आत्या.” अनुजानं फोन काढला. “आता कळवूनच टाकते.”

प्रेमानंदांनी ते ऐकलं. त्यांनी बॉल पुन्हा लांब नेऊन ठेवला. अनुजा सवयीनं काठीकडे निघाली.

“हात नको लावू. राहू दे आत.”

“दादा, तू? अन् काठी ठेवून?” आत्या उठूनच उभी राहिली.

त्यांनी डोळे बारीक केले आणि मारला. बॉल सुसाट गेला, काठीवर टण्णकन आपटला आणि हातभर मागे आला.

“घे! गेली का नाही इज्जत?” आत्या खो खो हसली.

“जाऊ दे गेली तर!” प्रेमानंद असे गरजले की पलीकडचे खेळणारे वळून बघू लागले. “पण माह्या पोट्टीले काठी म्हणायचं नाही, सांगून ठेवतो. अनुजा, लाव फोन. येते म्हणून सांग त्यायले.”

“बाबा, पण तुमची...”

त्यांनी पटर उगारून झेंड्याकडे दाखवलं.

“माही काठी ते पाहा, खड्ड्यात उभी हाय. तिले धरायले आता कोणी लागत नाही.”